कार्डावरचा ‘जात’ हा रकाना : महापालिका आयुक्तांना एक खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातल्या सर्व महापालिकांचे मा. आयुक्त

स. न. वि. वि.

मी कुत्र्या-मांजरांची डॉक्टर. पुण्यात कात्रजच्या थोडं अलीकडे माझा दवाखाना आहे. त्याआधीची काही वर्षं फलटण भागात गाई-म्हशी आणि शेळ्या-मेंढ्यांत गेली. पिल्लू पहिल्यांदा टेबलावर येतं तेव्हा मी त्याचं लसीकरणाचं कार्ड भरते. नाव, अंदाजे जन्मतारीख, नर की मादी, रंग, मालकाचा पत्ता आणि जात. यातला शेवटचा रकाना मी कसा भरते ते आधी सांगते.

मी विचारते, “कुठली जात?” समोरचा म्हणतो, “पिटबुल.” मी लिहिते, पिटबुल. झालं. त्याला हे पिल्लू विकणाऱ्याने सांगितलेलं असतं, आणि विकणाऱ्याला ज्याच्याकडून पिल्लू आलं त्याने. पिल्लाची आई कोणी पाहिलेली नसते, बाप तर सोडाच. क्वचित एखाद्याजवळ केनेल क्लबचं सर्टिफिकेट असतं, तेही फोनमध्ये, फोटोच्या रूपात. मग कधीतरी मालक कुत्र्याचा परवाना काढायला आपल्या कार्यालयात येतो. तिथल्या अर्जातही ‘जात’ आहेच. तिथला माणूस माझं कार्ड बघून तीच जात अर्जावर उतरवतो, आणि ऐकीव गोष्ट सरकारदरबारी नोंद होऊन बसते.

१२ मार्च २०२४ ला केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने राज्यांना परिपत्रक धाडलं. माणसाच्या जिवाला धोकादायक अशा २३ ‘हिंस्र’ जाती आणि त्यांचे संकर यांची आयात, पैदास आणि विक्री थांबवा, आणि ज्यांच्या घरी अशी कुत्री आधीच आहेत त्यांच्याकडून नसबंदी करून घ्या, असा त्याचा मथितार्थ. मी ती यादी दोनदा वाचली. पिटबुल, रॉटवायलर, डोगो अर्जेंटिनो, केन कोर्सो, कांगाल वगैरे मंडळी अपेक्षेप्रमाणे होती. जपानचा टोसा मात्र दोन वेगवेगळ्या नावांनी दोनदा आला होता. दक्षिण आफ्रिकेचा बोअरबोएलही तसाच, एकदा स्वतःच्या नावाने आणि एकदा मॅस्टिफच्या कंसात. आणि मधेच एक मोकाट शब्द पडला होता, ‘टेरियर’. कुठला टेरियर, काही नाही. शब्दशः घ्यायचं तर पर्समध्ये मावणारा, डोक्यावर रिबन बांधलेला यॉर्कशायर टेरियरही हिंस्र. आमच्या लहानपणी बंगल्याच्या फाटकावर ‘कुत्र्यापासून सावध रहा’ ही पाटी ज्यांच्यासाठी लागायची ते अल्सेशियन आणि डॉबरमन मात्र यादीत नव्हते. त्यांना घाला असं माझं म्हणणं नाही. यादी कशी तयार झाली असावी याचा अंदाज यावा म्हणून सांगते.

त्या आठवड्यात दवाखान्यात कुत्री कमी आणि कार्डं जास्त आली. “मॅडम, तेवढं पिटबुल खोडून क्रॉस लिहा ना.” “लॅब क्रॉस चालेल.” एक जण अभ्यास करून आला होता. म्हणाला, “अमेरिकन बुली लिहा, ते यादीत नाहीये.” त्याचं बरोबर होतं, नव्हतं. मी कोणाचंच कार्ड खोडलं नाही. पण मनात येत राहिलं की खोडलं असतं तरी मला खोटं कोण पाडणार होतं? आधीचा शब्द तरी मी कशाच्या जोरावर लिहिला होता? पिटबुलला स्वतंत्र जात म्हणून एफसीआय ही श्वानजातींना मान्यता देणारी जागतिक संस्था आजही मानत नाही. अमेरिकेतली युनायटेड केनेल क्लब १८९८ पासून मानते. म्हणजे ही जात आहे की नाही यावरच तज्ज्ञांत एकमत नाही. तिथल्या श्वान-आश्रयगृहांत रोज शेकडो कुत्री हाताळणाऱ्यांनी नजरेने सांगितलेली जात आणि डीएनए चाचणीतली जात जुळत नाही, असं अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. मग आपल्या परवाना खिडकीवरच्या माणसाला ती कशी ओळखता यावी?

त्याच आठवड्यातल्या एका सकाळी दवाखान्याच्या शटरला एक तपकिरी कुत्री बांधलेली सापडली. छाती रुंद, कान कापलेले, गळ्यात नवाकोरा पट्टा आणि शेजारी खाण्याची अर्धी पिशवी. पोटावरून नुकतीच व्यालेली दिसत होती. शटर वर करताना ती माझ्या चपलेवर हनुवटी टेकून पडली होती. मालकाच्या दृष्टीने सुंठीवाचून खोकला गेला. पिल्लं कुठे गेली असतील ते मला माहीत नाही, पण ती फुकट गेली नसतील एवढं नक्की.

पुढे एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं, त्याच महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयानेही बाजूला सारलं, आणि केंद्राने लोकांकडून हरकती-सूचना मागवल्या. न्यायालयांचा रोख मुख्यतः सर्वांना विचारात न घेता निर्णय झाला यावर होता. जात धोकादायक असते की नसते हा प्रश्न होता तिथेच राहिला.

आणि तो मिटलेला नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये गोव्यात हणजूण इथे पिटबुलच्या हल्ल्यात सात वर्षांचा मुलगा गेला. जुलै २०२५ मध्ये मानखुर्दची ती चित्रफीत आपण सगळ्यांनी पाहिली. रिक्षात अकरा वर्षांचा मुलगा, त्याच्या अंगावर पिटबुल, मुलगा भेदरून ओरडतोय आणि मालक हसतोय. अशा प्रत्येक घटनेनंतर आठवडाभर ‘यादी करा, बंदी घाला’ असा गलका होतो. आपल्याकडे निवेदनं येतात, सोसायट्यांमध्ये ठराव होतात, आणि पुन्हा सगळं थंड. पुढची निवेदनं आपल्या टेबलावर येण्याआधी माझंही हे एक तिथे असावं.

आता प्राणिप्रेमी मंडळींनी टाळ्या वाजवायच्या आत सांगते, मी पूर्णपणे त्यांच्याही बाजूची नाही. ‘कुत्रा वाईट नसतो, मालक वाईट असतो’ हे वाक्य टी-शर्टवर छान दिसतं, टेबलापलीकडून मला ते अर्धंच पटतं. जातीला अर्थ नसता तर माणसाने हजारो वर्षं निवडून निवडून कुत्री वाढवली कशाला? मराठवाड्यातल्या कारवानी किंवा पश्मी कुत्र्यासमोरून ससा जाऊ द्या, त्याला कोणी शिकवावं लागत नाही, तो सुटतोच. फलटणकडे मी धनगरांची कुत्री पाहिली. गळ्यात खिळ्यांचा पट्टा, कारण लांडगा पहिल्यांदा गळाच धरतो. दिवसा ती मेंढ्यांच्या सावलीत निजलेली. रात्री वाड्याजवळ अनोळखी पाऊल वाजलं की उठून उभी, आणि मग धनगराने हाक दिल्याशिवाय पुढे जायची कोणाची छाती नसायची. त्या कुत्र्यांना कोणी हिंस्र म्हणत नव्हतं. आपण कुठवर जायचं हे वस्तीतल्या पोरासोरांना ठाऊक होतं, आणि कुत्र्यालाही. तुर्कस्तानातला कांगाल हा त्याच कामाचा कुत्रा आहे. नामिबियात त्याच्याच कुळातली कुत्री चित्त्यांपासून मेंढ्या राखतात, त्यामुळे शेतकरी चित्ते कमी मारतात. हाच कांगाल तिसऱ्या मजल्यावरच्या वन बीएचकेत आणला की लिफ्टचं दार उघडताना काय होईल ते सांगायला पशुवैद्य लागत नाही.

पिटबुलचं कूळही लपवण्यासारखं नाही. इंग्लंडमध्ये बैलावर कुत्री सोडायचा खेळ १८३५ मध्ये कायद्याने बंद झाला. तेव्हा शौकीन लोक कुत्र्यांच्या झुंजींकडे वळले, आणि बुलडॉग व टेरियर यांच्या संकरातून ही फळी उभी राहिली. झुंजीत पकड न सोडणारा जिंकतो, जिंकणाऱ्याची पिल्लं ठेवली जातात. पिढ्यान् पिढ्या हे झालं आणि त्याचं काहीच उरलं नाही, असं मी म्हटलं तर माझी डिग्री परत घ्यावी लागेल. (आपल्याकडे झुंजी आजही होतात. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड आहे १० ते ५० रुपये. एवढ्यात आता चहा-भजीही होत नाहीत.) अमेरिकेत १९७९ ते १९९८ या काळात कुत्र्यांच्या हल्ल्यांत गेलेल्या २३८ माणसांचा अभ्यास झाला. निम्म्याहून जास्त मृत्यूंमागे पिटबुल-सारखी कुत्री आणि रॉटवायलर होते. पण त्याच अभ्यासात निदान २५ जातींची नोंद आहे, हेही खरं.

दुसऱ्या बाजूने २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेलं एक मोठं काम. १८ हजारांहून जास्त कुत्र्यांच्या मालकांकडून माहिती घेतली, २ हजारांवर कुत्र्यांचे जनुक वाचले. निष्कर्ष असा की एका कुत्र्याच्या आणि दुसऱ्याच्या वागण्यातल्या फरकापैकी जातीवरून जेमतेम ९ टक्के उलगडतो. प्राणिप्रेमी हा आकडा नाचवतात. नाचवू नये. तो सरासरीचा हिशेब आहे, जबड्याचा नाही. फिनलंडमधल्या ९ हजारांवर कुत्र्यांच्या पाहणीत तर माणसावर गुरगुरण्यात आणि चावण्यात लहान चणीची कुत्री मोठ्यांच्या पुढे निघाली. मला त्याचं नवल वाटलं नाही, माझ्या डाव्या मनगटावरची खूण पॉमेरियनची आहे. पण त्या दिवशी मी पट्टी बांधून पुढचा पेशंट घेतला. रॉटवायलर असता तर मलाच टाके घालायला न्यावं लागलं असतं. कोण चावेल हा एक प्रश्न, आणि चावला तर काय होईल हा दुसरा. जातीवरून पहिल्याचं उत्तर फारसं मिळत नाही, दुसऱ्याचं बरंच मिळतं. आपल्याकडची भांडणं बहुतेक वेळा या दोन प्रश्नांची सरमिसळ करूनच होतात.

मग यादीत वाईट काय? ज्यांनी करून पाहिली त्यांच्याकडे बघा. ब्रिटनने १९९१ मध्ये कायदा करून चार जाती बंद केल्या: पिटबुल, टोसा, डोगो अर्जेंटिनो, फिला ब्राझिलेरो. त्यानंतर पैदास करणारे गप्प बसले नाहीत. यादीत न बसणारा, पण आणखी दांडगा कुत्रा बाजारात आला, एक्सएल बुली, म्हणजे अमेरिकन बुलीचाच सगळ्यात मोठा प्रकार. लोक मरायला लागले तेव्हा ३२ वर्षांनी पाचवं नाव वाढवावं लागलं, आणि फेब्रुवारी २०२४ पासून इंग्लंड-वेल्समध्ये सूट-प्रमाणपत्राशिवाय तो पाळणं गुन्हा ठरलं. माझ्याकडे ‘अमेरिकन बुली लिहा’ म्हणत आलेला तो माणूस ब्रिटनचा ३२ वर्षांचा इतिहास दोन मिनिटांत करून दाखवत होता. नेदरलँड्सने १९९३ मध्ये पिटबुलवर बंदी आणली आणि चावे काही कमी होईनात म्हणून २००८ मध्ये ती मागे घ्यायचं ठरवलं.

पण परदेशाचं राहू द्या. मी लिहायला बसले ते एका गोदामाच्या कुत्र्यामुळे.

त्याला सुलतान म्हणू. रॉटवायलर, साधारण पंचेचाळीस किलो. महामार्गालगत एका गोदामामागच्या बोळात तो असायचा. मी इंजेक्शन द्यायला जायचे तेव्हा पहिली नजर जमिनीवर जायची. लोखंडी खुंटीला सहा फुटी साखळी, आणि साखळीच्या टोकाने मातीत अर्धगोल कोरलेला, परातीसारखा खोल. त्याच्या आत एक पान उगवलेलं नव्हतं. अर्धगोलाच्या काठावर जेवणाचं घमेलं, म्हणजे वाढणाऱ्याला आत पाऊल टाकावं लागू नये. पस्तीस दिवसांचा असताना त्याला आणलं होतं. पिल्लं भावंडांत खेळताना एकमेकांना चावतात. जोरात चावलं की समोरचं कोकलतं, खेळ थांबतो, आणि किती जोर चालतो हे पिल्लाला कळतं. आईही मान दाबून तेच शिकवते. सुलतानला हा धडा कोणी दिलाच नव्हता. त्याच्या जगात दोन प्रकारची माणसं होती, घमेलं आणणारी आणि हातात काठी असलेली.

पहिल्यांदा तो पाण्याच्या टँकरच्या पोराला चावला. पोटरीला. मालकाने इंजेक्शनांचा खर्च दिला, वर थोडे पैसे दिले, विषय मिटला. मला फोन आला तो रेबीजची लस चालू आहे ना, एवढं विचारायला. दुसऱ्यांदा वॉचमनच्या बायकोचा हात धरला, घमेलं सरकवत असताना. तिची दोन बोटं अजून पुरती मिटत नाहीत. या दोन्ही गोष्टी गल्लीतल्या पानवाल्याला माहीत होत्या, टँकरवाल्यांना माहीत होत्या, मला माहीत होत्या. कुठे लिहिलेल्या नव्हत्या. मी मालकाला सांगितलं की याला साखळीवरून काढा, मुसक्याची सवय लावा, नसबंदी करा, जाळीचं मोठं आवार बांधा. तो म्हणाला, “बघू.” मग एकदा म्हणाला, “मॅडम, कोणी घेणारं असेल तर बघा की.” मी नाही म्हटलं आणि मला वाटलं की माझं काम झालं.

त्याने घेणारं स्वतःच शोधलं. खेड-शिवापूरच्या पुढे एक फार्महाऊस. कुत्र्याबरोबर त्याचं कार्डही गेलं. त्या कार्डावर सगळं होतं. रेबीजच्या चार वर्षांच्या चार नोंदी, बाटलीवरचे स्टिकर नीट चिकटवलेले, जंताच्या औषधाच्या तारखा, आणि प्रत्येक ओळीत माझी सही. इतकं टापटीप कार्ड बघून कोणालाही वाटावं, चांगल्या घरचा कुत्रा आहे.

दोन महिन्यांनी एका अनोळखी नंबरवरून फोन आला. फार्महाऊसवाल्यांचा. सुट्टीला आलेला त्यांचा भाचा, नऊ वर्षांचा, सुलतानला बिस्किट द्यायला गेला होता. गालाला आणि पापणीला टाके. डोळा वाचला. माणूस ओरडत नव्हता, अगदी हळू बोलत होता. म्हणाला, “कार्डावर सह्या तुमच्या आहेत मॅडम. दोनदा चावलाय हे तुम्ही लिहिलं का नाही?”

मी म्हटलं, “तसा रकाना नाही.”

हे उत्तर खरं आहे. ते देताना मला जी लाज वाटली तीही खरी आहे.

सुलतान यादीतल्या जातीचा होता. म्हणजे यादी असती तर मुलाचा गाल वाचला असता, असं कोणी म्हणेल. यादी असती तरी घरात असलेली कुत्री राहणारच होती, परिपत्रकाने त्यांना नसबंदी सांगितली होती, साखळीबद्दल एक अक्षर नव्हतं. आणि त्या गोदामाला राखणीला कुत्रा हवाच होता. रॉटवायलर मिळाला नसता तर त्याच खुंटीला जर्मन शेफर्डचा एखादा संकर बांधला गेला असता, त्याच अर्धगोलात. अर्थात इतकंही प्रामाणिकपणे मान्य करते की पंचेचाळीस किलोंऐवजी पंचवीस किलोंचा असता तर टाके कमी पडले असते. वजनाचा मुद्दा मी खाली घेतेच.

आता कायदा. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ मध्ये, आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाला संभवणारा धोका टाळण्याची पुरेशी काळजी जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणाने न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, ५ हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. त्यात जातीचा उल्लेखही नाही, आणि ते योग्यच आहे. अडचण पुढे येते. पोलीस चौकीत प्रत्येक मालक एकच वाक्य बोलतो, “याआधी कधी चावला नव्हता हो, पहिल्यांदाच झालं.” ते खोटं आहे हे दाखवायला कागद कुठे आहे? पानवाला साक्षीला येत नाही.

कागद खरं तर आपल्याच इमारतीत आहे. कुत्रं चावलेला माणूस रेबीजच्या इंजेक्शनासाठी येतो तो बहुधा पालिकेच्याच दवाखान्यात. तिथे केसपेपर होतो. चावणारं जनावर कोणतं, पाळीव की भटकं, जखम पहिल्या, दुसऱ्या की तिसऱ्या श्रेणीची, हे लिहिलं जातं. त्याला सांगितलं जातं की चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवा. आणि तो कागद आरोग्य विभागात जातो. कुत्र्यांचे परवाने असतात पशुवैद्यकीय विभागात. दोन्ही विभागांचे साहेब तुमच्याच हाताखालचे, एकाच बैठकीत चहा पिणारे, पण एकाचा कागद दुसऱ्याच्या टेबलावर जात नाही. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, ही म्हण इथे फारच शब्दशः लागू पडते.

माझी मागणी या दोन टेबलांमधल्या अंतराएवढीच आहे. केसपेपरवर ‘पाळीव’ अशी खूण झाली की मालकाचं नाव-पत्ता त्यावर लिहून घ्या, आणि दुसऱ्या दिवशी ती नोंद पशुवैद्यकीय विभागाकडे जाऊ द्या. नजर ठेवायच्या त्या दहा दिवसांत आपला पशुवैद्य त्या घरी एकदा जाऊन येऊ द्या. कुत्रा कसा ठेवलाय, साखळी किती, मुलं घरात आहेत का, कसा चावला, खेळताना की अन्नावरून की झोपेत पाय पडला म्हणून, हे त्याने पाहावं आणि परवान्यावर चढवावं. तिथे, त्या परवान्यावर, चाव्याचा एक रकाना असावा. दुसरी नोंद झाली की मुसकं, नसबंदी, जाळी या अटी आपोआप लागाव्यात, आणि कुत्रा दुसऱ्याला देताना ती नोंद बरोबर जावी, जशी गाडीबरोबर आरसी बुक जाते. काही थोड्या कुत्र्यांच्या बाबतीत यातलं काहीच पुरत नाही. त्यांना कायमचं झोपवायचं की नाही हा निर्णय कोणी, कोणत्या पुराव्यावर घ्यायचा याचा स्पष्ट नियम करा. आज तो निर्णय घाबरलेला मालक आणि ओशाळलेला डॉक्टर दोघं मिळून टाळतात.

लोक चावे लपवतील, असं आपले अधिकारी म्हणतील. लपवतील ना. पण चावलेला माणूस सहसा मालक नसतो, आणि त्याला इंजेक्शन हवंच असतं. इंजेक्शन आलं की नोंद आली. खोट्या तक्रारी येतील, हाही मुद्दा आहे. पार्किंगवरून भांडण असलेले दोन शेजारी कुत्र्यालाच पुढे करतात हे मी पाहिलं आहे. म्हणूनच नोंद नुसत्या तक्रारीवर नको, केसपेपर आणि पशुवैद्याची भेट असं दोन्ही जुळल्यावरच हवी. माणसं कमी आहेत हे मात्र खरं, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. परवान्याची फी वाढवा. ज्याला तीस-चाळीस हजारांचं पिल्लू परवडतं त्याला ती परवडेल.

वजनाचं म्हटलं होतं. जर्मनीतल्या नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया राज्यात ४० सेंटिमीटर उंची किंवा २० किलो वजन गाठणारा कुत्रा, मग तो लॅब्रॅडॉर का असेना, नोंदवावा लागतो. त्याला चिप, त्याच्यासाठी विमा, आणि मालकाला कुत्र्याबद्दल किमान समज आहे याचा दाखला. त्या राज्यात धोकादायक जातींची यादीही आहे, ते लपवत नाही. पण यादीवाचूनचा हा नियम आपल्याला उद्या सकाळी घेता येईल. वजनकाटा माझ्याकडे आहे, आपल्याकडेही आहे, आणि वीस किलो म्हणजे किती यावर तज्ज्ञांत वाद नाहीत. लिफ्टमध्ये, जिन्यात, शाळेच्या वाटेवर वीस किलोंवरच्या कुत्र्याला आखूड पट्टा आणि मोठ्या माणसाचा हात, एवढं जरी पाळलं गेलं तरी बरंच होईल.

राहिली पिल्लं. २०१७ च्या श्वानपैदास व विक्री नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, ब्रीडरची राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, विकलेल्या पिल्लाला मायक्रोचिप लागते. माझ्या टेबलावर येणारं पिल्लू महिना-सव्वा महिन्याचं असतं, दुधाचे दात नुकते आलेले. चिप आहे का विचारलं तर मालक फोनकडे बघतो. हा नियम मोडला जातो तो रात्रीच्या अंधारात नाही, जाहिराती देऊन. पिल्लासाठी आगाऊ लावलेला नंबर, गाडीत हातात दिलेलं खोकं, घरपोच. यासाठी जातींची यादी लागत नाही, महिन्यातून चार फोन करून ग्राहक बनून गेलेला एक माणूस लागतो.

भटक्या कुत्र्यांचा विषय मी मुद्दाम काढलेला नाही. त्याचे नियम वेगळे, भांडणं वेगळी, आणि त्यात सर्वोच्च न्यायालय आहेच.

फार्महाऊसवाल्यांच्या फोननंतर मी माझ्यापुरता एक उद्योग सुरू केला आहे. कार्डाच्या मागच्या पानावर पट्टीने दोन रेघा मारून रकाना केला: तारीख, कोणाला, कुठे, कसं. कायद्याने त्याला काही किंमत नाही. काही मालकांनी कार्ड उचललं आणि दुसऱ्या डॉक्टरकडे गेले. बाकीचे कुरकुरत लिहू देतात. पहिली नोंद लिहिली ती एका पॉमेरियनची आहे, पोस्टमनची करंगळी. मालकीणबाई अजून माझ्याशी बोलत नाहीत.

आपली,
एक पशुवैद्य, पुणे